चिमुकल्या डबीतला फाटका आवाज

इलेक्ट्रिक गिटार ॲम्प्लिफायरला न जोडता नुसतीच छेडून पाहा. शेजारच्या खोलीतही ऐकू जाणार नाही असा किरटा आवाज येतो. साध्या गिटारला पोकळ लाकडी पोट असते. ते तारेबरोबर कंप पावते आणि आवाज मोठा करते. इलेक्ट्रिक गिटार बहुधा भरीव लाकडाची असते आणि आवाज मोठा करण्याचे काम विजेवर सोपवलेले असते. तारांच्या खाली चुंबक बसवलेले असतात व त्यांच्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे असतात. याला पिकअप म्हणतात. वरची पोलादी तार थरथरली की वेढ्यांमधून जाणारा चुंबकीय प्रवाह बदलतो आणि फॅरडेच्या नियमानुसार वेढ्यांत विद्युतदाब निर्माण होतो. हा दाब साधारण एक दशांश व्होल्टच्या आसपास असतो. जोरात छेडले तर क्षणभर जास्त.

ही चिमुकली विद्युतलहर ॲम्प्लिफायरपर्यंत पोचण्याआधी वाटेत वादकाच्या पायाशी मांडलेल्या धातूच्या डब्यांतून जाते. पायाने बटण दाबले की डबी आपले काम सुरू करते, पुन्हा दाबले की बाजूला होते. यांना इफेक्ट पेडल म्हणतात. कुणी प्रतिध्वनी देते, कुणी आवाज थरथरवते, तर कुणी आवाज चक्क फाडते. या शेवटच्या जातीविषयी हा लेख आहे. असे पेडल घरी किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत बनवता येते, आणि चार काडेपेट्या एकत्र बांधल्या तर जेवढा ठोकळा होईल साधारण तेवढ्या जागेत बसवता येते. बाजारात तयार पेडलला काही हजार रुपये पडतात. आत मात्र एखादा ट्रान्झिस्टर, दोन डायोड आणि मूठभर रोधक व धारित्रे एवढाच ऐवज असू शकतो.

शिक्षकांच्या मासिकात हा विषय कशासाठी, असे कुणाला वाटेल. अकरावी-बारावीच्या पुस्तकात डायोडचा दाब-प्रवाह आलेख असतो. तो प्रयोगवहीत सुबक काढला जातो, गुण मिळतात आणि विषय संपतो. तो आलेख वाकडा आहे, सरळ रेषा नाही, ही त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट. पण तिचे पुढे काय होते ते विद्यार्थ्याला कधी दिसत नाही. इथे तो वाकडेपणा कानांनी ऐकता येतो.

बिघाडातून जन्म

चांगल्या ॲम्प्लिफायरची व्याख्या अशी की आत गेलेली लहर जशीच्या तशी, फक्त मोठी होऊन बाहेर यावी. पण गिटारवादकांच्या एका पिढीला बिघडलेला आवाजच आवडू लागला. लिंक रे या अमेरिकन वादकाने स्पीकरच्या कागदी शंकूला भोके पाडली, तर 1964 साली गाजलेल्या एका गाण्यासाठी इंग्लंडच्या ‘किंक्स’ गटातल्या डेव्ह डेव्हिसने तो शंकू ब्लेडने चिरला. त्याआधी, 1960 साली, अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू होते. ग्रेडी मार्टिन वाजवत असलेला बास गिटारचा तुकडा मिक्सरच्या एका वाहिनीतल्या ट्रान्सफॉर्मरच्या बिघाडामुळे घरघरीत, फाटका उमटला. तो पुसून टाकण्याऐवजी तसाच ठेवला गेला आणि 1961 साली ते गाणे खूप चालले. ध्वनिमुद्रण अभियंता ग्लेन स्नॉडी यांनी मग तोच बिघाड ट्रान्झिस्टर वापरून मुद्दाम घडवून आणणारे सर्किट तयार केले. गिब्सन कंपनीने 1962 साली ते ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने विकायला काढले. त्यात जर्मेनियमचे तीन ट्रान्झिस्टर होते आणि दीड व्होल्टचे दोन सेल. 1965 साली रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्यात हे यंत्र वाजले आणि जगभरच्या तरुणांना ते हवेसे झाले.

डोके कापलेली लहर

आता या ‘फाटण्या’चे गणित बघू. समजा, एक ट्रान्झिस्टर लहरीला वीस पट मोठी करतो. एक दशांश व्होल्टची लहर दोन व्होल्टची झाली. आता तिच्या वाटेवर दोन डायोड जमिनीकडे, म्हणजे ग्राउंडकडे जोडा. एकाचे तोंड वर, दुसऱ्याचे खाली. सिलिकॉनचा डायोड सुमारे 0.6 व्होल्टपर्यंत प्रवाह जवळजवळ जाऊच देत नाही आणि त्यानंतर एकदम दार उघडतो. त्यामुळे लहर अधिक 0.6 व्होल्टच्या वर आणि उणे 0.6 व्होल्टच्या खाली जाऊ शकत नाही. तिचे माथे आणि तिचा तळ दोन्ही सपाट होतात. याला क्लिपिंग म्हणतात, आपण ‘छाटणी’ म्हणू.

माथे छाटलेली ज्यालहर आता चौकोनी लहरीकडे झुकते. फूरिये यांनी दाखवून दिल्याप्रमाणे, कोणतीही आवर्ती लहर ही मूळ वारंवारिता आणि तिच्या पटीतल्या वारंवारितांच्या ज्यालहरींची बेरीज असते. चौकोनी लहरीत मूळ वारंवारिता, तिची तिप्पट (आयाम एक तृतीयांश), पाचपट (एक पंचमांश), सातपट अशा फक्त विषम पटी असतात. म्हणजे 440 हर्ट्झचा स्वर आत गेला, तर बाहेर 440 बरोबर 1320, 2200, 3080 हर्ट्झचेही स्वर येतात. आत नसलेले स्वर बाहेर कुठून आले? हा प्रश्न वर्गात जरूर विचारा, कारण उत्तर त्रिकोणमितीच्या पुस्तकातच आहे. छाटणीचा आलेख सरळ रेषेपासून वाकतो तेव्हा त्यात x बरोबर x चा घनही येतो. आणि साइनचा घन म्हणजे साइन θ ची तीन चतुर्थांश पट वजा साइन 3θ ची एक चतुर्थांश पट, हे सूत्र मुलांनी पाठ केलेले असते. ते 3θ म्हणजेच तिप्पट वारंवारितेचा स्वर. परीक्षेसाठी घोकलेले सूत्र कानाला ऐकू येते ते असे.

आता एक डायोड काढून टाका. लहर फक्त वरून छाटली जाईल, खालून नाही. वरखाली सममिती मोडली की आलेखात x चा वर्गही येतो, आणि साइनच्या वर्गातून दुप्पट वारंवारिता निघते. म्हणजे 880 हर्ट्झ, वरच्या सप्तकातला तोच स्वर. आवाज लगेच निराळा वाटतो.

गंमत पुढेच आहे. दोन स्वर एकाच वेळी छाटणीत गेले तर नुसत्या पटी निघत नाहीत, दोघांच्या बेरजा-वजाबाक्याही निघतात. 220 हर्ट्झचा सा आणि 330 हर्ट्झचा पंचम एकत्र वाजवा. वजाबाकी 110, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. बेरीज 550, तीही 110 चीच पट. सगळे नवे स्वर एकाच कुटुंबातले असल्याने आवाज भरदार होतो. आता पंचमाऐवजी गिटारवरचा शुद्ध गंधार घ्या. गिटारचे पडदे समान अंतराच्या सप्तकाप्रमाणे असल्यामुळे तो 275 ऐवजी सुमारे 277.2 हर्ट्झ असतो. वजाबाकी 57.2, आणि 220 च्या दुपटीतून 277.2 वजा केले की 162.8. हे स्वर 55 आणि 165 या सुरेल जागांच्या अगदी जवळ, पण त्यांच्यावर नाहीत. परिणाम म्हणजे चिखल. रॉक संगीतातले वादक फाटक्या आवाजात बहुधा सा-पंचम अशी दोनच सुरांची जोडी का वाजवतात, याचे उत्तर या दोन वजाबाक्यांत आहे.

आपल्याकडे स्वर असा ‘श्रीमंत’ करण्याची कला फार जुनी आहे, तीही विजेशिवाय. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीचा माथा किंचित गोलसर घासतात आणि तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवून जवारी लावतात. थरथरताना तार घोडीच्या गोलाईला लागते आणि सुटते. त्यामुळे तिचे कंपन ‘सरळ रेषेतले’ राहत नाही आणि वरचे स्वर सतत जागे राहतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली तंबोरा आणि वीणा यांविषयी लिहिताना नेमकी ही गोष्ट नोंदवली होती. तार ज्या बिंदूवर छेडली तिथे ज्या वरच्या स्वरांचा निस्पंद बिंदू येतो ते स्वर ऐकूच येऊ नयेत असा नियम. पण या वाद्यांत ते येतात. जवारी म्हणजे छाटणी नव्हे, दोन्हींची यंत्रणा वेगळी आहे. तरी दोन्ही ठिकाणी वाकडेपणातूनच नवे स्वर येतात.

सर्किट

आता प्रत्यक्ष जोडणी. एका ट्रान्झिस्टरचा हा बूस्टर अमेरिकेतील इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीने साठच्या दशकाच्या अखेरीस ‘एलपीबी-1’ या नावाने आणला. इतके सोपे आणि इतके बोलके सर्किट मला दुसरे माहीत नाही. बीसी 547 सारखा साधा एनपीएन ट्रान्झिस्टर घ्या. बेसवर 9 व्होल्टकडून 430 किलोओहमचा रोधक आणि ग्राउंडकडे 43 किलोओहमचा. (हे न मिळाल्यास 470 आणि 47 ची जोडी चालते, कारण गुणोत्तर तेच.) कलेक्टर आणि 9 व्होल्ट यांच्यामध्ये 10 किलोओहम, एमिटर आणि ग्राउंड यांच्यामध्ये 390 ओहम. गिटारची लहर 0.1 मायक्रोफॅरडच्या धारित्रातून बेसवर येते आणि कलेक्टरवरून तेवढ्याच धारित्रातून बाहेर पडते. बाहेर पडल्यावर ते दोन उलटसुलट डायोड ग्राउंडकडे, 1एन4148 क्रमांकाचे. शेवटी 100 किलोओहमचा फिरता रोधक, म्हणजे आवाजाची खुंटी. झाले.

आकडेमोड मुलांकडून करून घ्यावी. बेसवर 9 गुणिले 43 भागिले 473, म्हणजे सुमारे 0.82 व्होल्ट. त्यातून 0.6 वजा केले की एमिटरवर 0.22. त्याला 390 ने भागले की 0.56 मिलिॲम्पिअर. प्रत्यक्ष मोजले तर प्रवाह याहून कमी, साधारण 0.4 च्या आसपास भरेल आणि कलेक्टरवर 4 ते 5 व्होल्ट दिसतील. फरक का? कारण बेसही थोडा प्रवाह पितो आणि 430 किलोओहमसारख्या मोठ्या रोधकामागून तो देताना दाब घसरतो. हिशेबात ‘नगण्य’ धरलेली गोष्ट इथे नगण्य नाही, हे मल्टिमीटर सांगतो. विवर्धनाचेही तसेच. ढोबळ हिशेब 10,000 भागिले 390, म्हणजे सुमारे 25 पट. प्रत्यक्षात वीसच्या आसपास.

या सर्किटचा एक दोष सांगितला पाहिजे. त्याचा इनपुट रोध जेमतेम 30 किलोओहम आहे. पिकअपचे प्रेरकत्व समजा 3 हेन्री असेल, तर या जोडीमुळे सुमारे 1600 हर्ट्झच्या वरचे स्वर दबू लागतात आणि आवाज थोडा मऊ होतो. काहींना तो आवडतो. इनपुटच्या 0.1 मायक्रोफॅरडच्या जागी 0.01 लावून पाहा. आधी सुमारे 53 हर्ट्झच्या खालचे स्वर अडत होते, आता 530 च्या खालचे अडतील आणि आवाज एकदम धारदार होईल. गिटारची सर्वांत जाड तार 82 हर्ट्झची असते हे लक्षात घेतले की दोन्ही आकड्यांचा अर्थ कळतो.

डबीत बसवणे

आतापर्यंतचे काम टेबलावर, ब्रेडबोर्डवर होते. खरी डोकेफोड पुढे आहे. कॅनडातील हॅमंड कंपनी ॲल्युमिनियमच्या ओतीव डब्या बनवते. मुळात या इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी असलेल्या साध्या डब्या, पण हौशी पेडल बनवणाऱ्यांनी त्या आपल्याशा केल्या. त्यांतली ‘1590 ए’ ही डबी बाहेरून सुमारे 93 गुणिले 39 गुणिले 31 मिलिमीटर आहे. नेहमीची ‘1590 बी’ 112 गुणिले 60 एवढी असते. लहान डबीची हौस दोन कारणांनी. एक, पायाशी जागा कमी असते आणि पेडल अनेक असतात. दुसरे कारण शुद्ध जिद्द. बसवून दाखवायचेच!

सर्किट लहान असते हे एव्हाना दिसलेच. अडचण सर्किटची नाहीच. जागा खातात ते माणसासाठी असलेले भाग: पायाचे बटण, खुंटी आणि दोन जॅक. गिटारच्या वायरचा पाव इंची प्लग हा एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजचा वारसा आहे. ट्रान्झिस्टर सूक्ष्म झाला, प्लग तेवढाच राहिला. त्याची दांडी सुमारे 32 मिलिमीटर लांब. डबीच्या भिंतीची जाडी आणि नट वजा केले तरी 28 मिलिमीटर आत शिरतात. डबीची आतली रुंदी 35. तेव्हा दोन बाजूंनी समोरासमोर प्लग घातले तर 56 मिलिमीटर लांबीचा ऐवज 35 मिलिमीटरमध्ये कोंबावा लागेल. ते शक्य नाही. म्हणून जॅक एकमेकांसमोर न ठेवता पुढेमागे सरकवतात, म्हणजे दोन दांड्या एकमेकींच्या बाजूने जातात. आतली लांबी सुमारे 89 मिलिमीटर. दोन जॅकना मिळून 40 धरा, बटणाला 18, खुंटीला 16. उरले 15. त्यातच अडॅप्टरचा सॉकेट आणि वायरी. सर्किटचा बोर्ड खुंटीच्या पाठीवर, मध्ये पुठ्ठ्याचा किंवा प्लास्टिकचा तुकडा घालून बसवायचा. भोके पाडण्याआधी हे सगळे आलेखाच्या कागदावर खऱ्या मापात काढावे. भाग हातात घेऊन स्वतः मोजावे, कारण प्रत्येक कंपनीचा जॅक थोडा वेगळा असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत खरेदीला जाताना मोजपट्टी खिशात असावी. डबीला ड्रिलने भोक पाडताना ती हातात धरू नये. ड्रिलचे पाते अडकले की डबी गरकन फिरते आणि बोटे कापतात. ती शिकंज्यात धरावी, डोळ्यांवर चष्मा असावा आणि आधी 3 मिलिमीटरचे भोक पाडून मग ते मोठे करत न्यावे.

बॅटरीचे काय? 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी जवळजवळ 48 गुणिले 26 गुणिले 17 मिलिमीटर. या डबीत तिला जागा नाही. हा तसा उलटाच न्याय आहे, कारण आपले सर्किट अर्धा मिलिॲम्पिअर प्रवाह घेते. 500 मिलिॲम्पिअर-तासांची बॅटरी त्याला हजार तास, म्हणजे अहोरात्र चाळीस दिवस पुरली असती. पेडल चालू असल्याचे दाखवणारा एलईडी मात्र काटकसरीने जोडला तरी दीड मिलिॲम्पिअर खातो. यजमानापेक्षा दारावरच्या पाटीचा खर्च तिप्पट! म्हणून लहान डब्यांत बॅटरी न ठेवता बाहेरचा अडॅप्टर जोडतात. पेडलच्या अडॅप्टरचा मधला खिळा बहुधा ऋण असतो, इतर उपकरणांत बहुधा धन. उलटा अडॅप्टर लागण्याचा संभव गृहीत धरून धन बाजूला एक शॉट्की डायोड घालावा. एलईडी नको असेल तर सीआर 2032 प्रकारचे तीन गोल सेल एकावर एक ठेवता येतात. उंची 10 मिलिमीटरहून कमी, दाब 9 व्होल्ट, आयुष्य चारशे तासांच्या घरात. पण घरात लहान मूल असेल तर हे सेल आणि त्यांची डबी नीट बंद ठेवा. गिळलेला गोल सेल काही तासांतच अन्ननलिका जाळतो. ही भीती अतिशयोक्त नाही. असे झाले तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आतल्या सेलसाठी वेगळे बटण लागत नाही, ही एक सुंदर युक्ती आहे. इनपुटला मोनोऐवजी स्टिरिओ जॅक लावतात. सेलचे ऋण टोक जॅकच्या मधल्या पट्टीला, ग्राउंड मुख्य पट्टीला. गिटारचा मोनो प्लग आत गेला की त्याची धातूची दांडी दोन्ही पट्ट्यांना जोडते आणि सर्किट सुरू होते. प्लग काढला की बंद.

कोंडलेल्या जागेचे त्रास

माझे रोजचे काम फार बारीक सिग्नल मोजण्याचे, त्यामुळे लहान डबी पाहिली की पहिली शंका येते ती दाटीची. शेजारी असलेल्या कोणत्याही दोन वायरींमध्ये थोडी धारिता असतेच. समजा, इनपुट आणि आउटपुट यांच्यात 2 पिकोफॅरड आहे. 10 किलोहर्ट्झला तिचा रोध सुमारे 8 मेगाओहम होतो. इनपुटकडचा एकूण रोध 25 किलोओहम धरला, तर बाहेरच्या लहरीचा 320 वा भाग चोरवाटेने परत आत येतो. आपला ट्रान्झिस्टर एकच आहे आणि तो लहर उलटी करतो, म्हणून परत आलेला भाग मूळ लहरीला किंचित कमीच करतो. काही बिघडत नाही. पण जास्त फाटका आवाज हवा म्हणून वीस पटीचे दोन टप्पे एकापुढे एक जोडले तर विवर्धन 400 पट होते आणि दोनदा उलटल्यामुळे लहर सुलट बाहेर पडते. आता 320 वा भाग 400 पट होऊन परत येतो, म्हणजे गेला त्याहून मोठा. लहरीची कला जुळली की पेडल गिटारला हात न लावता आपणच शिट्टी मारू लागते. सभागृहात माईक स्पीकरसमोर आणल्यावर होते तेच हे. मोठ्या डबीत मुकाट चालणारे सर्किट लहान डबीत ओरडते त्याचे कारण बहुधा इतकेच असते. इनपुटची वायर जाळीच्या आवरणाची घ्यावी, आउटपुटच्या वायरीपासून दूर न्यावी, आणि बोर्डवर दोघींच्या मध्ये ग्राउंडची पट्टी ठेवावी.

डबी धातूचीच का, याचेही उत्तर इथे येते. ग्राउंडला जोडलेली धातूची डबी म्हणजे फॅरडेचा पिंजरा. घरातल्या विजेच्या वायरींचे 50 हर्ट्झचे विद्युत क्षेत्र ती आत येऊ देत नाही. पण चुंबकीय क्षेत्राचे तसे नाही. 50 हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र ॲल्युमिनियममध्ये सुमारे 12 मिलिमीटर खोल शिरते आणि डबीची भिंत दोनेक मिलिमीटरची. म्हणून पेडल एखाद्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरशेजारी ठेवले तर डबी कितीही चांगली असली तरी घूं घूं येऊ शकते. त्याला अंतर हेच औषध. अमेरिकेतले हौशी लोक पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डब्याही वापरतात. आपल्याकडची जुनी पत्र्याची कंपासपेटी पहिल्या प्रयोगाला छान. पत्र्याला सोल्डर धरते, ॲल्युमिनियमला धरत नाही, हा वर फायदा. तिची उंची कमी असते, तेव्हा पायाचे बटण न लावता साधी पट्टीची कळ लावावी.

बटण दाबताना स्पीकरमधून ‘टप्प’ असा आवाज आला तर घाबरू नये. धारित्राचे मोकळे टोक हवेत लोंबकळत असते, त्यावर हळूहळू दाब साचतो आणि जोडणी होताच तो एकदम रिकामा होतो. त्या टोकापासून ग्राउंडला एक मेगाओहमचा रोधक लावा. 0.1 मायक्रोफॅरड आणि 1 मेगाओहम यांचा कालांक एक दशांश सेकंद. भार साचायला वावच मिळत नाही.

आणखी लहान करण्याच्या नादात लोक पृष्ठभागावर सोल्डर करायचे भाग वापरतात. 0805 मापाचा रोधक 2 मिलिमीटर लांब आणि सव्वा मिलिमीटर रुंद. चिमटा, भिंग आणि स्थिर हात असेल तर हे जमते. मात्र माझे मत विचाराल तर शाळेत हे करू नये. जे उघडून दुरुस्त करता येत नाही आणि ज्यातला रोधक बदलून ‘आता काय होते’ ते पाहता येत नाही, ते विकत घेतलेल्या पेडलसारखेच बंद. पहिले पेडल मोठ्या डब्यात करावे, तिसरे-चौथे लहान डबीत. सोल्डरमध्ये शिसे असेल तर काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. आणि घरच्या विजेवर चालणारे ॲम्प्लिफायर उघडण्याचा मोह कुणालाच होऊ देऊ नये. त्यांच्यातल्या, विशेषतः व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमधल्या, धारित्रांत वीज बंद केल्यावरही जीवघेणा दाब शिल्लक राहू शकतो. आपली डबी 9 व्होल्टची, तिथेच थांबावे.

गिटार नसेल तर

शाळेत गिटार नसली तरी अडत नाही. मोबाइलवर 440 हर्ट्झचा शुद्ध स्वर देणारे ॲप घ्या, त्याचा आवाज अगदी कमी ठेवून इअरफोनच्या वायरीतून तो पेडलला द्या. बाहेरची लहर संगणकाच्या ध्वनी-इनपुटला जोडा, पेडलची खुंटी शून्याजवळून हळूहळू वाढवत. ‘ऑडॅसिटी’ या मोफत प्रोग्रॅममध्ये लहरीचा आकार आणि तिच्यातल्या वारंवारितांचा आलेख दोन्ही दिसतात. मोबाइलचा आवाज वाढवत गेलात की ज्यालहरीचे माथे सपाट होताना दिसतील आणि आलेखात 1320 व 2200 पाशी सुळके उगवतील. 880 पाशीही एक बुटका सुळका असेल, कारण ट्रान्झिस्टर स्वतः पूर्ण सममित नसतो. आता एक डायोड काढा आणि 880 चा सुळका पाहा. मग सिलिकॉनच्या जागी 0.3 व्होल्टला उघडणारा जर्मेनियम डायोड लावा, मग लाल एलईडीची जोडी. एलईडी 1.6 व्होल्टच्या पुढे उघडते, म्हणून छाटणी उशिरा होते आणि आवाज मोठा पण कमी फाटका येतो. हे सगळे इअरफोन कानात घालून ऐकू नये. छाटलेली लहर तेवढ्याच उंचीच्या ज्यालहरीपेक्षा जास्त ऊर्जा वाहते आणि कानाला ते उशिरा कळते.

एक शेवटचा प्रयोग. इनपुटच्या 0.1 मायक्रोफॅरडच्या जागी एकदा प्लास्टिक फिल्मचे धारित्र लावा आणि एकदा स्वस्त सिरॅमिक चकतीचे. आवाज वाढवून डबीवर पेन्सिलीने हलकेच टकटक करा. सिरॅमिकच्या वेळी ती टकटक स्पीकरमधून ऐकू येऊ शकते. जास्त धारितेच्या अशा चकत्यांत जो पदार्थ असतो तो दाबाला विद्युत प्रतिसाद देतो, गॅसच्या लायटरमधल्या खड्यासारखा. धारित्राचा माईक झालेला असतो. पायाने बटण दाबायच्या यंत्रात तो कुठे लावायचा आणि कुठे नाही, हे मुलांनाच ठरवू द्या.